विहीर आणि शोषखड्डा एकाच फायलीत यायला हवेत

ऑक्टोबर संपता संपता कोकणातल्या पंचायत समित्यांमध्ये एक कागद तयार होऊ लागतो. पाऊस नुकताच गेलेला असतो, भात कापणीला आलेले असते, वहाळ अजून वाहत असतात आणि आत कार्यालयात येत्या उन्हाळ्याचा टंचाई आराखडा लिहिला जात असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे. रकानेही ठरलेले: विंधन विहिरी, नळपाणी योजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरत्या पूरक योजना, विहिरींतला गाळ काढणे, खासगी विहीर अधिग्रहित करणे आणि यातले काहीच जमले नाही तर टँकर. वाड्यांची नावेही बरीचशी तीच असतात. खेड-चिपळूणच्या डोंगरातल्या धनगरवाड्या तर या यादीत इतक्या वर्षांच्या आहेत की तिथली लहान मुले टँकरच्या हॉर्नवरून उन्हाळा ओळखतात.

या आराखड्यात एक रकाना मात्र नसतो. वाडीतल्या विहिरीपासून शौचालयाचा खड्डा किती फुटांवर आहे, हे त्यात कुठेच विचारलेले नसते. पाणी किती कमी पडेल एवढेच मोजले जाते. जे पाणी आहे ते पिण्याजोगे उरले आहे का, हे दुसरा विभाग दुसऱ्या वहीत लिहितो. डोंगरात हे एक वेळ खपून जाईल. किनाऱ्यावर खपत नाही, कारण तिथे पाणी कमी होणे आणि पाणी खराब होणे या दोन घटना नाहीतच. सरकारने त्यांच्या दोन फायली केल्या आहेत, आणि मला वाटते आपल्या किनाऱ्याचे निम्मे दुखणे त्या दोन फायलींमधल्या फटीत आहे.

कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या कौलारू छपरावरून, वाया जाणारे सोडूनही, दोन लाख चाळीस हजार लिटर पाणी खाली येते. पाच माणसांच्या घराला, घरोघरी नळ देऊ पाहणाऱ्या जलजीवन मिशनच्या हिशेबाने, म्हणजे माणशी रोज ५५ लिटर धरून, वर्षाला लागते एक लाख लिटर. म्हणजे गरजेच्या दुपटीहून जास्त पाणी आपल्या पागोळ्यांवरून वाहून जाते. अडचण पावसाची नाही. चार महिन्यांत पडलेले पाणी उरलेले आठ महिने टिकवायचे कसे, ही अडचण आहे, आणि ती जमिनीच्या पोटातली आहे.

आपला जांभा दगड भोकाभोकांचा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पडलेले पाणी त्यातून भराभर झिरपते, उताराला लागते, झऱ्यांतून बाहेर पडते आणि पन्नास-साठ किलोमीटरवरच्या समुद्राला जाऊन मिळते. म्हणून तर दिवाळीला काठोकाठ असलेली बाव, म्हणजे आमच्याकडची विहीर, मार्चमध्ये तळ दाखवते. याच भोकांचा दुसरा परिणाम मात्र टंचाईच्या चर्चेत येत नाही. जे दगड पावसाचे पाणी धरून ठेवत नाहीत, ते शोषखड्ड्यातले पाणीही गाळत नाहीत. बारीक मातीत मैलापाणी हळूहळू मुरते, वाटेत जंतू मरतात. जांभ्यात एखादी पोकळी लागली की ते थेट धावते. विहीर आणि खड्डा यांत दहा-पंधरा मीटर अंतर ठेवा म्हणून सांगतात, ते मातीच्या जमिनीला धरून. कातळावर ते अंतर पुरेसे आहे की नाही, हे तिथली जमीन तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

आणि किनाऱ्यावरच्या पुळणीत, म्हणजे वाळूच्या जमिनीत, गोष्ट आणखी नाजूक होते. मालवणजवळचे देवबाग पाहिलेल्यांना माझे म्हणणे लगेच कळेल. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. तिथल्या विहिरीत गोडे पाणी येते ते पावसाचे. वाळूत मुरलेले हे हलके पाणी खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. त्याचे गणित शास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडून ठेवले आहे: समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी उभे राहते. आता हेच उलटे वाचा. पंपाने उपसून ती पातळी एक फूट खाली आणली, तर खालचे खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकू लागते. मालवणच्या समुद्रातल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या विहिरी आहेत, आणि आपण त्या पाहुण्यांना चमत्कार म्हणून दाखवतो. चारी बाजूंनी समुद्र असताना गोडे पाणी टिकले, कारण ते घागरीने काढले जात होते, आणि काढणाऱ्यांना ते किती आहे याचा अंदाज होता.

१९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगणाऱ्या गावांत स्वतःच्या अंगणात रोजगार आला, ही मोठी गोष्ट आहे. पण जिल्हा जाहीर करताना पाण्याचा हिशेब कोणी मांडला नाही. हॉटेलातल्या एका खाटेला रोज १८० लिटर पाणी धरावे, असा अभियंत्यांचा प्रघात आहे. दहा खाटांचे घरगुती निवासस्थान म्हणजे १,८०० लिटर. गावातल्या ३२-३३ माणसांना सरकार जेवढे पाणी देऊ म्हणते, तेवढे. आणि ही मागणी नेमकी दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात येते. मे महिन्यात तर विहिरी तळाला गेलेल्या असतात. त्या खाटांचे १,८०० लिटर वापरून झाल्यावर त्यातले बहुतेक त्याच वाळूत परत मुरते, आता मैला घेऊन.

हे मी लांबून बघून लिहीत नाही. माझे माहेर मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत. माझ्या भावाने सहा वर्षांपूर्वी घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. शौचालयाचा खड्डा कुठे घ्यायचा हे गवंड्याने ठरवले, उतार बघून. ग्रामपंचायतीने घरपट्टीची नोंद केली, खोल्या मोजल्या, दाखला दिला. खड्ड्याबद्दल कोणी विचारले नाही. आम्हीही नाही. पुढच्या जुलैत शेजारच्या काकूंच्या बावीतल्या पाण्याला वास येऊ लागला. नमुना तपासायला दिला तेव्हा पाणी पिण्यास अयोग्य निघाले. पिण्याच्या पाण्यात शंभर मिलिलिटरमध्ये एकही ई-कोलाय सापडता कामा नये, असे भारतीय मानक सांगते. काकूंनी भावाला एका शब्दाने दुखावले नाही. त्यांनी फक्त कळशी आणि दोर पडवीत आणून ठेवला आणि वीस लिटरचा जार घ्यायला सुरुवात केली. आमच्या आजीच्या काळापासून दुष्काळातही न आटलेली ती बाव. सरकारी आराखड्याच्या भाषेत त्या विहिरीला आजही ‘पाणी आहे’. टंचाईच्या यादीत ती येऊच शकत नाही.

अशा विहिरी किती असतील, हे सरकारला समजण्याची सोय नाही असे नाही. पाण्याचे नमुने घेणारे जलसुरक्षक गावोगावी आहेत. पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण वर्षातून दोनदा होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. टीसीएल म्हणजे जंतुनाशक क्लोरीनची पावडर टाकली जाते, पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे बघणारी ओटी चाचणी होते. पण हे सारे सार्वजनिक स्रोतांभोवती फिरते, आणि किनाऱ्यावरची घरे पाणी पितात ती परसातल्या बावीचे. शिवाय पाणी दूषित निघाले तर करायचे काय, याचे उत्तर एकच ठरलेले आहे: अजून पावडर टाका. पावडर विहिरीतले जंतू मारते. खड्ड्यातून येणारी वाट बंद करत नाही. त्या वाटेकडे बघण्याचा अधिकार पावडर टाकणाऱ्याला नसतो.

कायदा कमी पडला असेही म्हणता येत नाही. फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेने शहरे, गावे आणि वस्त्यांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी किनारपट्टीत सोडण्यास मनाई केली आणि जे चालू आहे ते जास्तीत जास्त तीन वर्षांत बंद करण्याच्या योजना राबवा, असे बजावले. म्हणजे १९९४ पर्यंत. जानेवारी २०११ मध्ये नवी अधिसूचना आली, तिनेही तेच सांगितले आणि दोन वर्षांची मुदत दिली. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांना सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी तीन वर्षे दिली. त्यावर लक्ष ठेवताना राष्ट्रीय हरित लवादाने १ एप्रिल २०२० पासून प्रक्रियेविना सोडलेल्या प्रत्येक नाल्यामागे महिन्याला पाच लाख रुपये भरपाई ठरवली. मुदतीमागून मुदत. भरपाईचा पैसा सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, आणि नाला वाहतच राहतो.

त्यातही ही सगळी धावपळ शहरांची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये देशातल्या सांडपाण्याचा हिशेब मांडला: रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर निर्माण होते, प्रत्यक्षात प्रक्रिया होते २०,२३६ दशलक्ष लिटरवर. आकडा भयंकर आहेच. पण तो फक्त नागरी भागाचा आहे. सिंधुदुर्गात २०११ च्या जनगणनेनुसार शंभरातली ८७ माणसे खेड्यात राहतात. त्यांचे सांडपाणी या हिशेबात कमी-जास्त नाही, मुळात नाहीच. देवबाग ही ग्रामपंचायत आहे, तिथे हंगामात शहरासारखी गर्दी होते, पण शहरासाठीची भुयारी गटार योजना तिला लागू नाही. आणि खरे सांगायचे तर वाळूच्या त्या पट्टीवर भुयारी गटार खणूही नये.

मग हे काम कुणाचे? मुंबईत मंत्रालयात ‘पाणीपुरवठा व स्वच्छता’ असा एकच विभाग आहे. नाव वाचून बरे वाटते. पण तालुक्याला उतरेपर्यंत त्याचे तुकडे झालेले असतात. नळ योजना जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग किंवा जीवन प्राधिकरण करते. शौचालय स्वच्छ भारत मिशनचे. भूजल मोजते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. पाण्याचा दर्जा आरोग्य विभाग बघतो. खारे पाणी आत येऊ न देणारे बांध खारभूमी विकासकडे, किनाऱ्यावरच्या बांधकामाची परवानगी किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, पर्यटकांच्या खोल्यांची नोंद पर्यटन विभागाकडे. एकाच विहिरीच्या काठावर सात कार्यालये उभी आहेत, आणि प्रत्येकाला विहिरीचा एकेक दगड दिसतो. मी त्यातल्या कुणालाही कामचुकार म्हणत नाही. ज्याला जे विचारले जाते, त्याचे उत्तर तो देतो. एकत्र विचारणारा कोणी नाही.

याचा परिणाम चांगल्या योजनाही भोगतात. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. घरोघरी शौचालय आले, बायकांची अंधारातली पायपीट थांबली. याचे मोल मोठे आहे, ते कमी लेखू नये. पण खड्डा भरल्यावर मैला कुठे जाणार, हे योजनेच्या मध्यभागी कधी आले नाही. त्यानंतर १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झाले: २०२४ पर्यंत प्रत्येक घरी नळ. मुदत आता २०२८ वर गेली आहे. नळ यायलाच हवा. पण दोन हजार वस्तीच्या गावात माणशी ५५ लिटर पाणी आले, तर दिवसाला एक लाख दहा हजार लिटर आले, आणि त्यातले ऐंशी टक्के, म्हणजे ८८ हजार लिटर सांडपाणी होऊन रोज बाहेर पडणार. ते कुठे जाणार, याची पाइपलाइन नकाशावर काढल्याशिवाय नळाची पाइपलाइन मंजूर होता कामा नये. नाहीतर बाहेरून आणलेल्या पाण्याने आपण घरचे पाणी नासवू.

इथे लोक कोयनेचे नाव घेतात, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पातून दरवर्षी सुमारे ६७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला उतरते, वीज तयार करते आणि बहुतांश वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत जाते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांच्या २०११ च्या लोकसंख्येला माणशी ५५ लिटरप्रमाणे वर्षभर लागणारे पाणी दोन टीएमसीसुद्धा भरत नाही. इतके पाणी डोळ्यांदेखत समुद्राला मिळताना चिपळूणच्या वरच्या वाड्यांना टँकर लागावा, ही शरमेची गोष्ट आहे. ते पाणी अडवावे, वळवावे, त्यासाठी कोकणातल्या लोकप्रतिनिधींनी पक्ष विसरून भांडावे. पण मोठ्या धरणाची वाट बघताना परसातली बाव सोडून देणे हा आपला जुना रोग आहे. तिळारीचे धरण झाले, पण तिथून निघालेले कालवे पुन्हा पुन्हा फुटतात आणि खालची शेते आणि नळ योजना दुरुस्ती होईपर्यंत थांबतात. दूरचे पाणी एका भगदाडात बंद पडते. बाव बंद पडत नाही, आपण तिला बंद पाडेपर्यंत.

समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मार्गही सुचवला जातो. मुंबईसाठी मनोरीला रोज २० कोटी लिटरचा असा प्रकल्प ठरला आहे. मुंबईसारख्या शहराची गोष्ट वेगळी. तिथेही माझे मत असे की समुद्रात सोडले जाणारे सांडपाणी शुद्ध करून आधी वापरात आणावे, खाऱ्या पाण्यावर वीज नंतर खर्चावी. पण वीजबिल थकले म्हणून ज्या ग्रामपंचायतींच्या नळ योजना बंद पडतात, त्यांना असे यंत्र देणे म्हणजे दोन वर्षांत गंजणारे लोखंड देणे.

पैसा नाही, माणसे नाहीत, लहान गावांना हे झेपणार नाही, असे म्हटले जाते. हे म्हणणे मी गंभीरपणे घेते, कारण दोन कारकून आणि एका शिपायावर चालणारी ग्रामपंचायत मी पाहिली आहे. पण झेपणारे काम कोणते, हे आपल्याच राज्यात दिसते. वाई आणि सिन्नर या लहान नगरपालिकांनी भुयारी गटाराची वाट न बघता एक साधी पद्धत सुरू केली: तक्रार येण्याआधीच ठरलेल्या फेरीने प्रत्येक घराची शौचटाकी सुमारे तीन वर्षांतून एकदा उपसायची, मैला प्रक्रिया केंद्रावर न्यायचा आणि खर्च करातून भागवायचा. टाकी तुंबून वाहण्याआधी रिकामी होते, एवढीच त्यातली किमया. आणि आमच्याच किनाऱ्यावरचे वेंगुर्ले बघा. जेमतेम बारा हजार वस्तीचे गाव, पण घरोघरी कचरा वेगळा करून त्यांनी तो प्रश्न असा हाताळला की लांबून लोक बघायला येतात. जे कचऱ्याचे जमले ते मैल्याचे का जमू नये?

म्हणून माझी मागणी मोठ्या निधीची नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्याला एक मैला प्रक्रिया केंद्र आणि दोन-तीन उपसा गाड्या द्याव्यात, ग्रामपंचायतींनी त्या वाटून घ्याव्यात. आज भावाच्या खोल्यांची टाकी उपसायला खासगी गाडी येते. मैला कुठे नेता, असे मी एकदा चालकाला विचारले. ‘लांब नेतो, ताई’, एवढेच तो म्हणाला. त्याला दोष कसा देऊ? ओतायला अधिकृत जागाच नाही. पर्यटकांच्या खोल्यांची नोंद करताना खाटांबरोबर टाकीही मोजावी, विहिरीपासूनचे अंतर लिहावे, आणि ज्याची टाकी पक्की नाही त्याला दंडाआधी कर्ज आणि अनुदान द्यावे. खोल्या बांधायला कर्ज मिळते तर टाकीला का नाही? पुळणीतल्या गावांत मे महिन्यात पंप किती तास चालवायचा, हे भूजल यंत्रणेने मोजून सांगावे आणि ग्रामसभेने ठरवावे. प्रत्येक विहिरीचा तपासणी अहवाल विहिरीच्याच भिंतीवर रंगवावा, तारखेसह. पाणी पिणाऱ्याला ते कळण्याचा पहिला हक्क आहे.

या सगळ्यात खाडीतल्या बायकांचा विचार तर अजून कुणी सुरूही केलेला नाही. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून तिसऱ्या, मुळे, कालवे असे शिंपल्यांतले जीव काढणाऱ्या बायका. हे जीव पाणी गाळून जगतात, पाण्यात जे असेल ते पोटात साठवतात. नाल्याच्या तोंडाशी काढलेली कालवे बाजारात जातात, आणि हात दिवसभर त्याच पाण्यात. त्यांच्या अंगाला खाज सुटते, त्या खोबरेल लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरतात. टंचाई आराखड्यात त्या नाहीत, कारण त्यांच्या घरी पाणी आहे. सांडपाण्याच्या अहवालात नाहीत, कारण त्या खेड्यातल्या.

२ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा भरते, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत नवा टंचाई आराखडा लिहायला घेतला जातो. यंदा मी माहेरच्या ग्रामसभेला जाणार आहे. भावालाही बरोबर नेणार आहे. त्याने स्वतःहून यायचे कबूल केले आहे. आम्ही दोघे मिळून एक लेखी अर्ज देणार आहोत की आमच्या वाडीतल्या प्रत्येक बावीपुढे जवळच्या खड्ड्याचे अंतर लिहावे आणि तो कागद आराखड्याला जोडून पंचायत समितीकडे पाठवावा. पहिली नोंद काकूंच्या बावीची असेल. अंतर आम्ही टेप लावून मोजले आहे: २३ फूट.